चित्र गाणारी माणसं

पिंगुळीच्या चित्रपोथीतला राम धनुष्य ओढून उभा असतो. बाण सुटतो तो गाण्यात. चित्रातली सीता मान खाली घालून बसलेली असते. ती रडते ते गाणाऱ्याच्या आवाजात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळला लागून असलेल्या या गावात ठाकर समाजाच्या काही घरांनी चित्र आणि गाणं यांची अशी सांगड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. या कलेला चित्रकथी म्हणतात आणि ती सादर करणाऱ्यालाही चित्रकथीच म्हणतात.

चित्रकारानं संगीतही करावं, याचं जगभर कौतुक होतं. पाउल क्ले उत्तम व्हायोलिन वाजवायचा. लिथुएनियाचा चुर्लोनिस (१८७५–१९११) संगीतकार होता आणि त्यानं आपल्या काही चित्रमालिकांना सोनाटाचीच नावं दिली. आपल्याकडचं आजचं उदाहरण अमोल के. पाटील या मुंबईच्या कलावंताचं. आजोबा पोवाडे गाणारे, वडील नाटककार. त्याच्या कामात चित्र, शिल्प, हालचाल आणि आवाज एकत्र येतात. मुंबई आणि अ‍ॅमस्टरडॅम अशा दोन्ही ठिकाणी तो काम करतो आणि २०२२ साली जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याचं काम मांडलं गेलं होतं.

क्लेचं चित्र मात्र त्याच्या व्हायोलिनवाचून भिंतीवर सुखेनैव राहतं. चित्रकथीचं तसं नाही. तिथं गाण्यावाचून चित्र अपुरं आणि चित्रावाचून गाणं. म्हणून ही कला जपायची तर दोन्ही एकत्र जपायला हवीत. आपण जपतो ते बहुतेक वेळा चित्र. गाणं मागे राहतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचकांनाही हे लागू आहे. ते कसं, ते पुढे येईल. आधी पोथी उघडू या.

पोथी कशी गातात

एका पोथीत एक आख्यान असतं. रामायण, महाभारत किंवा पुराणांतला एखादा प्रसंग घेऊन त्याची तीस-चाळीस, कधी पन्नासच्याही पुढे चित्रं काढलेली असतात. पानं सुटी असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात; त्यामुळे पान जाड होतं, हाताळताना दुमडत नाही आणि उलटलं की पुढचा प्रसंग समोर येतो. आकार साधारण फूट-सव्वा फुटाचा, म्हणजे मांडीवर मावेल आणि समोर बसलेल्यांना दिसेल इतका. सुरुवातीला गणपती आणि सरस्वती यांची चित्रं असतात. वंदन झाल्याशिवाय कथेला हात घालायचा नाही, हा शिरस्ता.

गायक मांडी घालून बसतो, पुढ्यात पोथी उभी धरतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. हुडुक म्हणजे मधे निमुळतं होत गेलेलं, हातात मावणारं चामड्याचं तालवाद्य. कथा गायलेल्या पद्यात आणि बोलीतल्या गद्यात आलटूनपालटून चालते. पद्यात प्रसंग बांधला जातो, गद्यात तो उलगडला जातो. साथीदार मागून सूर उचलतात, हुंकार देतात, मधेच प्रश्न टाकतात आणि गायकाला पुढे बोलतं करतात.

या रचनेत वेळेवर ताबा कुणाचा, हे पाहण्यासारखं आहे. कलादालनात चित्रापुढे किती वेळ थांबायचं ते पाहणारा ठरवतो. सिनेमात ते आधीच ठरलेलं असतं. चित्रकथीत ते गायक ठरवतो, आणि तेही समोरच्या माणसांकडे बघून. लोक रंगले तर एका युद्धाच्या चित्रावर तो रेंगाळतो, उपकथा जोडतो, लय वाढवतो. मुलं पेंगुळली तर दोन पानं झपाट्यानं ओलांडतो. चित्र तेच, पण आजची कथा कालच्यासारखी नसते. चित्रामुळे कथेचा सांगाडा पक्का राहतो आणि गाण्यामुळे ती दर वेळी नवी होते. लिहून ठेवलेल्या संहितेशिवाय ही आख्यानं इतका काळ टिकली, ती या जोडीच्या बळावर. पुढचं चित्र पाहिलं की गायकाला पुढचं पद आठवतं, म्हणजे पोथी ही त्याची स्मरणवहीसुद्धा आहे.

चित्रांची शैलीही या कामासाठीच घडलेली दिसते. चेहरे बाजूनं काढलेले, डोळे टपोरे, बाह्यरेषा ठसठशीत. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा, काळा असे मोजके आणि भरीव रंग. मागचा डोंगर, झाडी, आकाश यांचा तपशील थोडा. योद्धे समोरासमोर उभे, मधे बाणांची दाटी. देवळाच्या सभामंडपात, समईच्या किंवा पलित्याच्या उजेडात, चार हातांवर बसलेल्या माणसाला कोण कुणाशी बोलतोय हे एका नजरेत कळायला हवं. नाजूक छटा तिथं वाया गेल्या असत्या. दुसरं कारण घरातच आहे. हाच समाज चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही करतो. पडद्यावर सावली पाडायची तर नाक, हनुवटी, हात यांची कड बाजूनंच नीट उमटते. पोथीतली माणसं आणि पडद्यावरच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या की त्या एकाच घरच्या आहेत हे ओळखता येतं.

जे चित्रात काढलेलं नाही त्याची जागा आवाज भरतो. जंगलाचा दाटपणा, रात्रीची भीती, राक्षसाचं हसणं, रथाची घरघर हे सारं गळ्यातून आणि हुडुकावरून येतं. म्हणून पोथीतलं चित्र कधी कधी उघडंबोडकं वाटतं. चित्रकारानं ती जागा गाण्यासाठी सोडलेली असते.

जुनी परंपरा

चित्र दाखवत गोष्ट सांगणं ही या देशातली फार जुनी कला. सातव्या शतकात बाणभट्टानं ‘हर्षचरिता’त यमपट दाखवणारा माणूस रंगवला आहे. भर रस्त्यात पोरांचा गराडा पडलाय आणि तो यमाच्या दरबाराचं चित्र उलगडून मेल्यानंतर काय होतं ते सांगतोय. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर असाच यमपट घेऊन, गाणं गात घराघरांत शिरतो. गाणाऱ्या चित्रवाल्याला कुठंही मज्जाव नसे, हे त्या काळच्या प्रेक्षकांना पटण्यासारखं होतं म्हणूनच नाटककारानं ती युक्ती वापरली असणार. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात चित्रांच्या साहाय्यानं कथा सांगणाऱ्याला ‘चित्रकथक’ असंच नाव आहे.

कोकणात या कलेला आधार दिला तो सावंतवाडीच्या सावंत-भोसले संस्थानानं आणि गावोगावच्या देवळांनी. कुणी कुठल्या देवळात, कुठल्या दिवसांत कथा लावायची हे मान घरांमध्ये वाटलेले असत. पोथी ही घरची मिळकत होती. तिची पूजा होई, ती वारशानं पुढे जाई. पिंगुळीचे ठाकर चित्रकथीखेरीज कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, राधानृत्य, पांगुळ बैल, गोंधळ अशा अनेक कला करत आले आहेत. एकाच माणसाला रेषा, सूर, ताल, अभिनय आणि बाहुलीची दोरी या सगळ्यांचं भान असे, कारण लहानपणापासून हे सगळं त्याच्या अंगणातच चाललेलं असे.

संस्थानं विलीन झाली तसा राजाश्रय गेला. रात्रभराच्या मनोरंजनाची जागा सिनेमानं आणि नंतर घरच्या दूरचित्रवाणीनं घेतली. देवळातल्या मानावर घर चालेना. त्याच सुमाराला दुसरीकडे या चित्रांना संग्राहकांच्या जगात मागणी आली. कोकणाबाहेर सापडलेल्या अशा चित्रांना ‘पैठण चित्रं’ किंवा ‘पैठण शैली’ हे नाव पडलं आणि ती देशी-परदेशी संग्रहांत पोचली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही या परंपरेची चित्रं आहेत. त्यामुळे ती वाचली, अभ्यासता आली, हे खरं आणि मोलाचं. पण एकेक पान सुटं विकलं गेलं की आख्यान तुटतं. चौकटीत बसवलेल्या पानाला मागची बाजू उरत नाही. आणि ते पान गाताना कुठलं पद होतं, कुठली लय होती, याची नोंद सहसा त्याच्यासोबत जात नाही.

या घसरणीतून पिंगुळीत ज्यांनी ही कला सावरली त्यांत परशुराम गंगावणे यांचं नाव अग्रभागी घ्यावं लागतं. त्यांनी आपल्या घरच्या गोठ्याच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. जुन्या पोथ्या, बाहुल्या, वाद्यं तिथं आहेत. पाहुण्यांना ती नुसती दाखवत नाहीत. प्रयोग होतो, शिकवलं जातं. घरातली पुढची पिढीही त्यात उतरली आहे. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान एका व्यक्तीचा होता, तसाच देवळाच्या दारात बसून आयुष्यभर गाणाऱ्या, ज्यांची नावं कुठल्याही चित्राखाली लिहिली गेली नाहीत अशा अनेकांचाही होता.

दूरचे भाऊबंद

चित्रकथीचे सगेसोयरे जगभर आहेत. राजस्थानात पाबूजी या लोकदेवाची फड, म्हणजे त्याची कथा रंगवलेलं लांब कापड, ताणून बांधतात. भोपा रावणहत्था वाजवत गातो आणि भोपी दिवा धरून गाण्यातला प्रसंग उजळून दाखवते. तिथं फड रंगवणारे भिलवाडा-शाहपुऱ्याचे जोशी आणि गाणारे भोपे ही माणसं वेगळी. बंगालच्या पटुआंचं काम पिंगुळीच्या अधिक जवळचं. पश्चिम मेदिनीपूरमधल्या नया गावात पट रंगवणारा स्वतःच गाणं रचतो आणि पट उलगडत गातो. यांतले बहुतेक पटुआ मुसलमान आहेत आणि मनसा, दुर्गा, राम यांच्या कथा ते पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. त्सुनामी, न्यूयॉर्कचा हल्ला, रोगराई यांवरही त्यांनी पट केले. नव्या घटनेवर नवं गाणं रचलं जातं आणि गाणं आलं की चित्रही नवं होतं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

युरोपातही हे होतं. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये जत्रेच्या दिवशी गायक बाकावर उभा राही, मागे मोठं रंगवलेलं कापड टांगी, काठीनं एकेक चौकट दाखवत खून, वादळ, बुडालेली जहाजं यांची गाणी म्हणे आणि शेवटी छापलेलं गाणं चार पैशांना विकी. सतराव्या शतकात डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, पिंगुळीपासून काही कोसांवर. त्या वखारीतल्या कुणी कोकणातला चित्रकथी ऐकला असेल तर त्याला तो प्रकार अगदी परका वाटला नसता. युरोपातले हे गायक वर्तमानपत्रं आणि सिनेमा आल्यावर संपले. त्यांची कापडं आणि छापील कागद आता संग्रहालयांत आहेत. त्या गाण्यांची चाल, दम, जत्रेतला आवाज यांतलं फारसं हाती लागत नाही. आपल्याकडे गाणारी माणसं अजून आहेत. हा फरक फार मोठा आहे.

आपल्या किनाऱ्यावर

आता रायगडकडे वळू. या किनाऱ्याला चित्राचा वारसा नवा नाही. चौल बंदर एके काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होतं, आणि दख्खनच्या ज्या दरबारांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रागमाला रंगवल्या गेल्या त्यांत अहमदनगरचं नाव घेतात. राग म्हणजे ऐकण्याची गोष्ट. तिला नायक-नायिका, ऋतू, प्रहर देऊन रंगात उतरवणं हा सूर आणि रेषा एकत्र आणण्याचा दरबारी मार्ग होता. अलीकडच्या काळात अलिबागजवळच्या सासवण्यानं विनायक पांडुरंग करमरकर यांच्यासारखा शिल्पकार दिला. नागावात १९३६ साली प्रभाकर बरवे जन्मले. घड्याळ, पान, शंख, पोकळी अशा साध्या वस्तूंमधलं नातं शोधणारी त्यांची चित्रं आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठी कलाविचारात महत्त्वाचं आहे. बरव्यांचं चित्र शांततेत, एकट्यानं पाहायचं असतं आणि तसंच ते पाहायला हवं. आधुनिक चित्रकलेनं आपल्याला पाहण्याची ही सवय लावली. मात्र त्याच सवयीनं आपण चित्रकथीच्या पानाकडे पाहिलं तर ते मुकं वाटतं.

रायगडच्या गावांत गाण्याची बाजू कुठं आहे, हे उरण, पनवेल, पेण, अलिबागच्या आगरी लग्नात गेलेल्या कुणालाही माहीत आहे. तिथं धवलारीण असते. लग्नाच्या विधींमागून विधी तिच्या गाण्यावर चालतात: मांडव, हळद, देव बसवणं, नवरा-नवरीची तयारी. धवळे गाण्याची मराठीतली परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. महानुभाव पंथातल्या महदंबेनं रचलेले धवळे प्रसिद्ध आहेत. आगरी धवलारणीच्या धवळ्यांची भाषा आगरी बोली, आणि ती शिकायची वाट म्हणजे जुन्या धवलारणीच्या मागे बसून सूर धरणं. शेकडो ओळी तिच्या तोंडी असतात.

उत्तरेला पालघर जिल्ह्यात वारली समाजात हेच काम धवलेरी करते, आणि तिथं तिच्या गाण्याबरोबर चित्रही असतं. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात, मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्यांनी विधी पार पडतो. भिंतीवरचं हे चित्र १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी कागदावर आलं आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज ते साडीवर, कपावर, शाळेच्या भिंतीवर, विमानतळावर दिसतं. त्यातली सर्वांत ओळखीची आकृती म्हणजे तारप्याभोवती गोल फिरणारी माणसं. तारपा हे दुधीभोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपत्राचा कर्णा यांचं वाद्य. वाजवणारा गाल फुगवून अखंड श्वासावर तो वाजवत ठेवतो आणि नाच त्याच्या सुरावर वळतो. ही आकृती घरोघर पोचली. तारप्याचा आवाज मात्र ती आकृती अंगावर घालणाऱ्या फार थोड्या लोकांनी ऐकला आहे.

कोकणपट्टीचं चित्र असं दिसतं. पालघरात चित्र बाजारात गेलं आणि धवलेरी घरी राहिली. रायगडात धवळा उरला, पण त्याची दखल लग्नमांडवाबाहेर क्वचितच घेतली जाते. पिंगुळीत चित्र आणि गाणं अजून एकाच माणसाच्या हातात आहे. चित्र आणि गाणं यांची फारकत होण्यामागचं कारणही सरळ आहे. चित्र ही वस्तू आहे. ती विकता येते, पाठवता येते, टांगता येते. गाण्यासाठी माणूस बोलवावा लागतो, त्याच्यासमोर बसावं लागतं, त्याला वेळ द्यावा लागतो. बाजार वस्तूला भाव देतो, म्हणून तरुण कलावंत साहजिकच चित्र शिकतो आणि आख्यान पाठ करण्याचे कष्ट मागे पडतात. पन्नास चित्रं काढायला काही महिने लागतील. ती गायला शिकायला अनेक वर्षं लागतात.

यावर उपाय आपल्या आवाक्यातले आहेत. मुंबई-गोवा महामार्ग पनवेल-पेण-माणगाव-महाडवरून जातो तसाच कुडाळवरूनही जातो. रायगडच्या गणेशोत्सवात, जत्रेत, शाळांच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी ध्वनिवर्धकावर मोठा खर्च होतो. त्यातला थोडा वाटा काढून पिंगुळीच्या कलावंतांना एका रात्रीसाठी बोलवावं, संपूर्ण आख्यान लावावं आणि योग्य मानधन द्यावं. त्याच मंडपात गावच्या धवलारणीला मानानं बसवून धवळे ऐकावेत; शाळेतल्या मुलांनी ते ऐकत चित्रं काढावीत. मुलांच्या हाती फोन आहेतच. गावातल्या वृद्ध धवलारणीचं गाणं, तिची संमती घेऊन, विधीच्या क्रमानं, शब्दांसह नोंदवून ठेवणं हा एखाद्या शाळेचा वर्षभराचा सुंदर प्रकल्प होईल. संग्रहालयांनी चित्रकथीचं पान मांडताना त्याच्याशेजारी त्याचं गाणं ऐकण्याचीही सोय करावी. कानाला लावायचं साधं यंत्रही चालेल, पण आवाज असावा.

आणि चित्रकथीचं चित्र घरी आणणाऱ्यानं विकणाऱ्या कलावंताला विचारावं: हे कुठल्या आख्यानातलं, इथं काय गातात? शक्य असेल तर त्यानं बसून तेवढा प्रसंग ऐकावा आणि त्या गाण्याचेही पैसे द्यावेत. अशी मागणी वाढली तर पिंगुळीतल्या मुलाला ब्रशइतकाच हुडुकही हातात घ्यावासा वाटेल. कला जगते ती तिच्यावर माणसाचं पोट भरलं तर, आणि चित्रकथीच्या बाबतीत ते पोट चित्र आणि गाणं या दोन्हींवर भरायला हवं.